एका पायाचा दंड

मी शाळेची व्हॅन चालवते. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं आणि कळावं अशी इच्छाही नव्हती. पण आमच्या क्रीडाशिक्षकांना एकट्यानं गोलपोस्ट उचलायची हौस आली, कमरेत उसण भरली, आणि मुख्याध्यापिका बाईंची नजर माझ्यावर पडली.

"तुम्ही मुलांना मैदानावर सोडता, परत न्यायला थांबता. मधला वेळ नुसत्या बसूनच असता ना?"

"नुसती कुठं? झोपते मी."

"मग आता झोपू नका. महिनाअखेरीला रविवारी मॅच आहे, तोवर सराव घ्या. हसतखेळत घ्या, मुलं कंटाळायला नकोत. आणि खर्च मात्र काही नको हं."

घ्या! म्हणजे जेवण फक्कड हवं, फक्त चूल पेटवायची नाही. मी नाही म्हणणारच होते. पण त्या टीममध्ये माझी भाची आहे, धाकट्या भावाची मुलगी. पायाला चाकं लावल्यासारखी पळते म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. मला मूलबाळ नाही. माझा जीव त्या पोरीत अडकलेला आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. मुकाट्यानं हो म्हटलं.

सामानाचं कपाट उघडलं तर आत निम्मे बॉल हवा गेलेले, शिट्टी न वाजणारी, आणि खेळाच्या खुणेसाठी मैदानात मांडतात ते नारिंगी कोन एकही नाही. कुठल्याशा कार्यक्रमाला गाड्यांची रांग लावायला म्हणून कुणी नेले, ते आजतागायत आलेच नाहीत. मी क्रीडाशिक्षकांना फोन केला. ते पडल्या पडल्या कण्हत म्हणाले, "रांगेत उभं करा, एकेकाला मारायला सांगा."

केलं रांगेत उभं. पहिला मारत होता तोवर मागच्यांनी एकमेकांना चिमटे काढले, एकानं दुसऱ्याच्या मोज्यात मुंग्या सोडल्या आणि एक शहाणा शांतपणे घरी चालू लागला. रांगेत उभं राहून कुणाला फुटबॉल आलाय का कधी? रांगेत फक्त भांडायला येतं.

मग मी माझं डोकं चालवलं. व्हॅनचा जुना टायर दोरानं झाडाला टांगला. त्याच्या भोकातून बॉल गेला की पुढच्या सीटवर बसायचा मान. जुने पडदे फाडून दोन रंगांच्या पट्ट्या केल्या. चोर-शिपाई सुरू केलं: ज्याच्या पायात बॉल तो चोर, शिपायानं तो उडवून लावायचा, बॉल गेला की चोर शिपाई. सगळे एकाच वेळी पळताहेत, कुणी रांगेत नाही, कुणी रिकामा नाही. पोरं अशी खिदळायला लागली की घरी जायची वेळ झाली तरी व्हॅनमध्ये कोंबावी लागायची. मीही पदर खोचून शिपाई व्हायचे. माझ्या हाती एकही चोर लागला नाही, ते सोडा.

अडचण पोरांची नव्हतीच. अडचण कडेच्या बाकांवर बसायची.

पालक! घरी टीव्हीचा रिमोट सापडत नाही, पण इथे प्रत्येकाला सगळं सापडतं. "पास दे!" "देऊ नको!" "पुढं हो!" "मागे ये!" पोरानं ऐकायचं कुणाचं? आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे माझा सख्खा भाऊ. औषधाच्या दुकानात तो गोळ्या कधी घ्यायच्या हे इतक्या हळू सांगतो की गिऱ्हाईक काउंटरवर ओणवं होतं. तोच माणूस मैदानाच्या कडेला आला की वाघ. "भिंगरी, उजवीकडे! अगं उजवीकडे! मार! मार की! डोळे कुठायत तुझे?"

तिचे डोळे कुठे होते ते मला दिसत होतं. ते बापाकडे होते. बॉल पायात आला की पोर आधी बाकाकडे बघायची, तेवढ्यात बॉल कुणीतरी घेऊन जायचं.

एकदा बाकीची मुलं उतरल्यावर ती व्हॅनमध्ये पुढे माझ्याशेजारी येऊन बसली.

"आत्या, मी रविवारच्या मॅचनंतर सोडणारे."

माझा गिअरच अडकला. "का गं?"

"बाबा ओरडला की माझे पाय माझे राहत नाहीत. पण त्याला सांगू नकोस हं. त्याला वाईट वाटेल. शप्पथ घे."

घेतली. काय करणार? जी पोर रस्त्यानं चालताना खडासुद्धा सरळ जाऊ देत नाही, पायानं घोळवत घोळवत घरापर्यंत नेते, ती खेळ सोडणार. सांगायचं नाही म्हणजे नाही, पण शपथेत गप्प बसायचं ठरलं होतं, गंमत करायची नाही असं कुठं ठरलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी बाकांसमोर हात जोडून उभी राहिले.

"पालकहो, शाळेकडे कोन नाहीत आणि पैसेही नाहीत. तेव्हा तुमचं सहकार्य हवंय. आजपासून जो कुणी मुलांना कडेनं सूचना देईल, त्यानं एका पायातलं काढून द्यायचं. बूट, चप्पल, सँडल, काहीही चालेल. सराव संपला की परत मिळेल. टाळ्या आणि हसणं माफ."

"एकाच पायातलं का?" एका आईनं विचारलं.

"दोन्ही घेतले तर माणूस अनवाणी घरी जाईल. एक घेतलं की बसून राहतो."

लोक हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच झटक्याला बँकेतल्या साहेबांच्या तोंडून "अरे पास!" निसटलं. गोलकीपर पोरगा गोल सोडून धावत आला आणि त्यांच्यापुढे हात पसरून उभा राहिला. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग निमूटपणे चकचकीत काळा बूट काढून दिला. पोरांनी तो मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवला. थोड्या वेळात त्याच्या सोबतीला एक उंच टाचेची सँडल आली, एक फाटका स्लीपर आला, आणि आमची कोनांची रांग तयार झाली. बुटांच्या मधून बॉल घोळवत न्यायचा, बुटाला धक्का लागला की मालकाची माफी मागून परत पहिल्यापासून. एवढ्या मनापासून सराव कुणी कधी केला नसेल.

कार्टी पण काय अवली! कोन कमी पडायला लागले की ती मुद्दाम उलट्या दिशेनं बॉल मारायची. कडेला कुणीतरी कळवळून "अरे तिकडे नाही!" म्हणालं की चारही बाजूंनी वसुलीला धावायची. हळूहळू पालक शहाणे झाले. दाताखाली ओठ धरून बसायला लागले. एक आजोबा तर सुपारी नसताना सुपारी चघळल्यासारखं तोंड हलवत राहायचे.

आणि माझा भाऊ?

पहिल्या दिवशी त्याचे दोन्ही बूट गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही बूट आणि एक मोजा. मला वाटलं, आता आला ताळ्यावर. तिसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या भली मोठी पिशवी घेऊन हजर. बाकावर बसला, पिशवी उघडली, आतून एक जुना बूट काढून आधीच पोरांच्या हातात दिला आणि मोठ्यानं गरजला, "भिंगरी, उजवीकडे!"

घरातली सगळी अडगळ घेऊन आला होता. पावसाळी बूट, लग्नातले बूट, बायकोच्या तुटलेल्या चपला. दंड आगाऊ भरायचा आणि हवं तेवढं बोलायचं! पोरांची चंगळ झाली, मैदानभर कोनच कोन. भिंगरीनं मात्र बॉल सोडून दिला आणि बुटाची लेस बांधायला खाली बसली. लेस सुटलेली नव्हती.

मी तणतणत बाकापाशी गेले. "अरे, लाज आहे का? बहिणीला मदत म्हणून तरी गप्प बस ना!"

"ताई, तुला नाही कळायचं," तो म्हणाला. दुकानातला तो हळू आवाज. "मी ओरडतो म्हणजे काय, तिच्याबरोबर पळतो. मला कुणी असं पळवलं होतं का लहानपणी?"

नव्हतं पळवलं. आमच्या घरी त्याला खेळायला कुणी सोडतच नव्हतं, हे मला माहीत होतं. माझा राग अर्धा झाला. अर्धा उरला तो मी शनिवारसाठी राखून ठेवला.

शनिवारी, मॅचच्या आदल्या दिवशी, मी नियम बदलला. "आज बूट नकोत. आज जो सांगेल, त्यानं आत येऊन ते करून दाखवायचं."

बाकांवरच्या सगळ्यांनी पाय आत ओढून घेतले. फक्त माझ्या भावाला राहवेना. भिंगरीच्या पायात बॉल आला आणि ह्याचं तोंड उघडलं. "उजवीकडे घे, आणि मार!"

"या, या!" पोरं ओरडली. दोघांनी हात धरून त्याला ओढत आणलं. "आता उजवीकडे घ्या, आणि मारा!"

तो हसत हसत आला. बॉल पायापुढे ठेवला. समोर टीममधली सगळ्यात बुटकी तीन पोरं उभी राहिली. कडेला मी बाकीच्यांना डोळा मारला.

"काका, उजवीकडे! डावीकडे! अहो मागे बघा! मारा की! डोळे कुठायत तुमचे?"

तो उजवीकडे वळला, मग डावीकडे, मग आवाज कुठून आला म्हणून बाकाकडे बघायला लागला. तेवढ्यात एका बुटक्यानं बॉल नेला. हा नसलेल्या बॉलला लाथ मारून धपकन बुडावर बसला. अख्खं मैदान हसून लोळायला लागलं. मीसुद्धा पोट धरून हसले, खोटं कशाला बोलू?

एकटी भिंगरी हसत नव्हती. ती जाऊन बापाला हात देऊन उठवत होती.

"तू का नाही गं ओरडलीस?" त्यानं पँट झटकत विचारलं.

"तू आधीच गडबडला होतास ना बाबा," ती म्हणाली. "मी अजून कशाला?"

एवढंच. तिनं बॉल उचलला आणि खेळायला गेली. माझा भाऊ मात्र तिथंच उभा राहिला, पँटला माती नव्हती तिथंही झटकत. मग बाकावर आला, पिशवीत एकेक बूट भरला, आणि सराव संपेपर्यंत एक चकार शब्द काढला नाही. मी त्याला पाणी दिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, पण पाणी प्यायला.

रविवारी मॅच. समोरच्या टीमचे पालक असे बोंबलत होते की पाखरं झाडावर बसेनात. आमच्या बाजूला शांतता. बँकेतले साहेब दोन्ही पायांत बूट घालून ताठ बसले होते. माझा भाऊ रुमालाची घडी दातात धरून होता. पिशवी आणलीच नव्हती. समोरची पोरं बॉल आला की आपापल्या आईबापांकडे बघायची, आणि आमची कार्टी तेवढ्यात बॉल पळवायची. चोर-शिपाईच सगळं! तरी ती अंगापिंडानं थोराड होती. शेवटाकडे आम्ही एका गोलनं मागे होतो.

आणि तेव्हा भिंगरीला बॉल मिळाला. एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. समोर गोलकीपर एकटा. डावा कोपरा हा एवढा मोकळा! भिंगरी तिथं बघतसुद्धा नव्हती, आणि माझ्या छातीत काय झालं कुणास ठाऊक...

"डावीकडे! अगं भवाने, डावीकडे!"

सगळ्या माना वळल्या. माझ्याकडे. माझ्या भावाच्या दातातून रुमाल पडला.

भिंगरीची मान तेवढी वळली नाही. तिनं बघितलंच नाही कुणाकडे. तिच्या मनात उजवीकडे होतं, तिनं उजवीकडे मारला. बॉल खांबावर आदळला, खण्णकन आवाज झाला, आणि बाहेर गेला. मॅच संपली. आम्ही हरलो.

मी तोंड लपवायला व्हॅनच्या मागे जाऊन उभी राहिले. म्हटलं, संपलं. इतके दिवस दुसऱ्यांची तोंडं बंद केली आणि ऐन वेळी स्वतःचं उघडलं. आता पोर येईल, पुढं बसेल, आणि उद्यापासून येणार नाही म्हणेल. माझे डोळे भरून आले. बॉल गेला त्याचं काही नाही, पोर जाईल त्याचं.

ती आली. गुडघे फुटलेले, तोंडावर माती, श्वास लागलेला. मागे तिचा बाप चार पावलांवर थांबला. बोलायचं त्यानं इतकं दाबून ठेवलं होतं की कान लाल झाले होते.

"सॉरी गं," मी म्हणाले. "राहवलं नाही."

तिनं नुसता हात पुढं केला.

"काय?"

"चप्पल."

मी मग उजव्या पायातली काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती काखेत मारली आणि व्हॅनमध्ये चढून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, मी गाडी कशी चालवू आता? दे ती इकडं!"

"नाही," भिंगरी म्हणाली. "उद्या सरावाला मिळेल."