तीन बोटांची मूठ

मी अबोल बोलतोय. चित्रकथांमधला अबोल, ज्याचं पुढे नाव बदलून महामुष्टी करण्यात आलं, तोच. बोलतोय खरा, पण जे सांगणार आहे ते मला नीट आठवतंय की नाही, याची खात्री देववत नाही. माझा जन्म इतक्या वेळा नव्याने लिहिला गेला आहे की विचारू नका. माझे आई-वडील एकदा आगीत गेले, एकदा बुडाले, आणि एकदा तर त्यांना मीच मारलं असं निघालं. एवढ्या बालपणांतून आपलं कोणतं, हे या वयात कसं ओळखावं?

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर माझी मूठ नव्हती. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या तळव्यावर आडवी टेकलेली होती. त्या हातांनी मी काहीतरी म्हणत होतो. काय म्हणत होतो, ते मलाच ठाऊक नव्हतं. हात माझे होते, भाषा दुसऱ्यांची होती.

ती भाषा चित्रकाराची आणि त्याच्या धाकट्या बहिणीची. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोघांनी लहानपणीच घरच्या घरी खुणा रचल्या होत्या. त्या कुठल्या शाळेत शिकवत नसत, शेजाऱ्यांनाही कळत नसत. मोठेपणी चित्रकार प्रकाशकाच्या ऑफिसात नोकरीला लागला आणि धाकटी दिवसभर घरी एकटी, शिवणयंत्रावर. आई-वडील नव्हतेच. मग दिवसाकाठी राहून गेलेलं बोलणं तो माझ्या हातांत भरू लागला.

म्हणून मी तसा झालो. किडकिडीत, लांब कोट, कोटाला मोठाले खिसे, आणि अंगाच्या मानाने थोराड हात. कुठलीही भिंत चढून जाणं, एवढीच माझी करामत. तोंडापाशी संवादाचा फुगा कधीच नसे. लोकांना वाटे, काय गूढ माणूस आहे! प्रत्यक्षात एका चौकटीत मी दरोडेखोरासमोर बोटं रोखून उभा होतो, आणि ते वाचून धाकटी खो खो हसत उठली व भावाच्या टेबलावरून स्वतःची कात्री घेऊन आली. तेव्हा मला कळलं की मी दरोडेखोराला कात्रीचा पत्ता सांगत होतो. मुखपृष्ठ पाहून मात्र ती हसली नाही. तिने नुसती मान डोलावली. त्यामुळे तो एक अर्थ माझ्या हाती लागला नाही.

माझ्या ऱ्हासाला सुरुवात शाईने केली. स्वस्तातला खरबरीत कागद शाई पिऊन फुगायचा. छापखान्याचा फोरमन एकदा ओला कागद नाचवत आला.

"मास्तर, हे काय आहे सांगा बरं?"

"हात आहे," चित्रकार म्हणाला.

"हात? मला तर चिखलात पडलेलं वांगं वाटलं. बोटांमधल्या फटी भरतात हो! मूठ करा, मूठ. मूठ झकास उठते."

"मूठ केली तर तो बोलणार कसा?"

"कोण बोलणार?" फोरमनने मालकांकडे पाहिलं. मालक म्हणजे प्रकाशक. त्यांनी डोक्याशी बोट फिरवलं.

पहिला अंक पुन्हा छापायचा ठरला, तेव्हा चित्रकाराला न विचारता एकाने माझी बोटं शाईने बुजवून टाकली. तळव्यावर टेकलेली तीन बोटं गेली आणि तळव्यावर आपटलेली मूठ आली. शेजारी एक काटेरी पिवळा फुगा, त्यात 'धाड!' मला ती ओली, चिकट शाई बोटांमध्ये उतरताना अजून जाणवते. अंगावर कुणी थुंकावं तशी.

तो अंक पाहून धाकटी स्वतः ऑफिसात आली. तिने अंक मालकांच्या टेबलावर टाकला आणि हात भराभर हलवले. भाऊ मागे उभा राहून सांगू लागला.

"ती विचारतेय, याला मुका का केलात?"

मालक हसले. "अहो ताई, तो पहिल्या दिवसापासून मुकाच आहे. त्यावर तर खपतोय!"

"तो तुमच्यासाठी मुका, मालक. तिच्याशी बोलतो तो."

धाकटीने तीन बोटं तळव्यावर ठेवून मालकांच्या तोंडासमोर धरली. पुन्हा पुन्हा धरली. मालकांनी क्षणभर पाहिलं, मग कौतुकाने स्वतःची मूठ तळव्यावर आपटली. "वा! ताईंनाही जमतंय की! अशीच, फक्त जरा जोरात!"

ऑफिसातले सगळे हसले. हसताना मालकांच्या चहाचे तुषार माझ्या पानावर उडाले. ते डाग मी कधी विसरणार नाही, असं म्हणतो. विसरलो असेन तर माहीत नाही.

"हे बघा मास्तर," मालक समजुतीने म्हणाले, "तुमचं घर तुमच्या घरी. हिरो आमचा आहे."

"ठेवा तुमच्याकडे. हात मी घेऊन जातो."

तो गेला. मला वाटलं, आता मला कुणी काढणार नाही. वाईट वाटलं, पण त्यात सुटकाही होती. पण कसलं काय! दुसऱ्याच दिवशी नवे चित्रकार आले. मग लेखक आले. आणि माझी खरी विटंबना सुरू झाली.

माझे हात मोठे का, हे त्यांना कळेना. म्हणून मी डोंगर फोडतो असं ठरलं. डोंगर फोडायचे तर दंड हवेत. दंडांवर शिरा हव्यात. दर वर्षी मी फुगत गेलो. पोटावर विटा रचल्या, मान गिळून टाकली. कोट फाडून अंगाला चिकटलेलं चकचकीत कातडं दिलं. खिसे गेले. जगाचा तारणहार म्हणवणाऱ्या माणसाला रुमाल ठेवायला जागा नसावी? घाम मात्र थेंबाथेंबाने रंगवत.

मी गप्प का, याचंही कारण हवं होतं. एका लेखकाने शत्रूकडून माझी जीभ छाटवली. ती छाटलेली जीभ त्याने अख्खं पानभर, लाल रंगात दाखवली. अंक हातोहात संपला म्हणे. मला अजून शिसारी येते. पुढच्याने मला शास्त्रज्ञ केलं, दोन डॉक्टरेट दिल्या आणि तेजाबात बुडवलं. तेजाब धुऊन निघालं, डॉक्टरेट राहिल्या. तेव्हापासून प्रत्येक वाक्यावर शंका घेण्याची खोड जडली आहे. शेवटच्याने कंटाळून जीभ परत उगवली आणि मला तोंड दिलं. काय बोलायला दिलं? "उघडतोस की फोडू?"

कारण एव्हाना मी दारं फोडू लागलो होतो. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर एक दार, माझी मूठ, धाड! माझी बाहुली निघाली. पाठीवरचं बटण दाबलं की मूठ आपटायची, आणि सोबत तुटणारं प्लास्टिकचं दार फुकट. किती घरांत किती पोरांनी ते दार तोडून दाखवलं असेल! आणि मोठी माणसं टाळ्या पिटत. मला मळमळायचं. पण बाहुलीला ओकता येत नाही.

एवढ्या सगळ्यात माझा स्वतःवरचा विश्वास उडाला. पहिल्या छपाईचा पहिला अंक कुणापाशी उरला नव्हता. जाणकार लेख लिहीत: मूठ हाच या नायकाचा मूळ गाभा. वाचून वाटे, हे शिकलेले लोक खोटं कशाला लिहितील? तीन बोटं मीच कल्पिली असतील. धाकटीसुद्धा कल्पिली असेल.

मग कुणाच्या तरी माळ्यावरून त्या पहिल्या अंकाची पहिल्या छपाईची प्रत निघाली. आता ती एका प्रदर्शनात काचेच्या पेटीत आहे, आणि तिच्यात मी आहे. फोरमनचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हात जरा वांग्यासारखाच आलाय. पण बोटं मोजता येतात. तीन आहेत. पेटीखालच्या पाटीवर लिहिलंय, 'महामुष्टी, मूठ वळण्याच्या क्षणी.'

तुमच्यापैकी कुणाच्या हाती उद्या मला काढायची पेन्सिल आलीच, तर एवढं करा. कोट परत द्या. खिसे द्या. नवे आई-वडील नकोत. आणि काढणं जमणार नसेल तर कृपा करून मला काढू नका.

धाकटी आली होती. चित्रकार जाऊन पुष्कळ वर्षं झाली, हे मला तिच्याबरोबरच्या मुलीच्या बोलण्यातून समजलं. धाकटी पार वाकली आहे. काचेला नाक लावून तिने मला पाहिलं आणि तेव्हासारखीच मान डोलावली. मग तिचे हात हलले. मुलगी मोठ्याने हसली.

"काय म्हणतात आजी?" शेजारच्या बाईंनी विचारलं. त्यांचा नातू माझ्यासमोर मूठ आपटून दाखवत होता.

"काही नाही हो. ती म्हणते, लावली, लावली."

"काय लावली?"

"कडी. दाराची कडी. कुणी दार ढकलून आत आलं तरी आईला ऐकू येत नाही ना. मामा कामावर निघाला की उंबऱ्यातून वळून अशी तीन बोटं तळव्यावर ठेवायचा. म्हणजे, मी गेल्यावर आतून कडी लाव."