ईडाचा नेम

पंधरा नोव्हेंबरला कोर्पी लेक गावची शाळा बंद असते. त्या दिवशी कुणाची जयंती नसते की पुण्यतिथी नसते, हरणांच्या शिकारीचा तो पहिला दिवस असतो. एका वर्षी नव्या मुख्याध्यापकांनी शाळा चालू ठेवून बघितली. हजेरीला एक शिक्षिका, दोन मुलं आणि खिडकीतून आत बघणारं एक हरीण होतं. त्या दिवशी पंचक्रोशीत तेवढीच एक सुरक्षित जागा आहे, हे त्याला कळलं असावं.

सिल्वीला यंदा चौदा पूर्ण झाली होती. सरकारी वर्गाला बसून तिनं परीक्षा दिली होती, परवाना मिळवला होता, भगवं जाकीट आणि भगवी टोपी आणली होती. राहिली होती फक्त रायफल. आणि आई.

"शंभर पावलांवर कागदी थाळी," आई म्हणजे लॉर्ना म्हणाली. "त्यात लागोपाठ तीन गोळ्या. बसल्या तर खुशाल जा. नाही बसल्या तर पंधराला चर्चमध्ये माझ्याबरोबर कंद सोलायला बस."

चर्चच्या विक्रीसाठी त्या दिवशी चारशे पेस्ट्या व्हायच्या. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा आणि रुटाबागाचा कंद भरलेली करंजीच, फक्त एक खाल्ली की माणूस संध्याकाळपर्यंत उठत नाही. रुटाबागाचा कंद बाहेरून दगडासारखा असतो आणि सोलल्यावर आतूनही तसाच निघतो. सिल्वीनं गेल्या वर्षी एकशेदहा सोलले होते. तिला ते अजून स्वप्नात यायचे.

आर्वोआजोबांना लॉर्नाची, म्हणजे आपल्या मुलीची, ही अट अपमानास्पद वाटली. कांगास घराण्यात कागदावर कुणी कधी गोळी झाडली नव्हती. कागदावर नेम धरणं हा मोठा पूल ओलांडून दक्षिणेकडून येणाऱ्या शहरी लोकांचा छंद. कांगास मंडळी शिकारीआधी कँपच्या, म्हणजे जंगलातल्या आपल्या लाकडी खोपटाच्या, मागच्या खोडक्यावर एक गोळी मारत. खोडकं कपडे धुण्याच्या मशीनएवढं होतं. ते हललं की रायफल ठीक.

"शिवाय रायफल निवडायची काय त्यात?" आजोबा म्हणाले. "ईडा आहे ना."

ईडा ही घरातली रायफल. पणजोबा एमेली यांनी ती घेतली आणि बायकोचं नाव तिला दिलं. बायकोला हे आवडलं नव्हतं, पण तिनं ते चाळीस वर्षं बोलून दाखवलं नाही. कांगासांपैकी प्रत्येकानं आपलं पहिलं हरीण ईडानंच मारलं होतं.

"बाबा, ईडाचा दस्ता हिच्या हातापेक्षा लांब आहे," डेलमामा म्हणाला. "पोरीला माझी मॅग्नम द्या. एकामागे एक तीन हत्ती उभे असले तरी आरपार."

"मामा, आपल्याकडे हत्ती कुठेत?"

"म्हणूनच. तयारी असलेली बरी."

शेवटी तिघं एल्मरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे खिळे, रंग, मासे पकडायची जिवंत अळी आणि रायफली एकाच काउंटरवर मिळत. एल्मरनं मागच्या रांगेतून एक वापरलेली, आखूड दस्त्याची, बारीक नळीची रायफल काढली. रिकामी असल्याचं स्वतः बघितलं, सिल्वीला दाखवलं आणि मग तिच्या हातात दिली. सिल्वीनं ती खांद्याला लावली. गाल आपोआप जागेवर टेकला आणि रायफलवरच्या दुर्बिणीतून समोरच्या भिंतीवरचा रंगाचा डबा स्वच्छ दिसला. डब्यावरची शेवटची तारीखही वाचता आली. ती होऊन चार वर्षं झाली होती.

"ही बंदूक आहे की पेन्सिल?" आजोबा म्हणाले.

"पेन्सिलच, पण टोक काढलेली," एल्मर म्हणाला. "शनिवारपुरती घेऊन जा. मारून बघा. तोवर तुझी करवत माझ्याकडे ठेव, आर्वो."

आजोबा करवत लग्नातल्या अंगठीसारखी जपत. पण ईडापुढे पेन्सिलची फजिती होणारच, याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी करवत दिली.

शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत सगळे जमले. समोर मातीचा उंच उतार, त्याला टेकून पुठ्ठा, पुठ्ठ्यावर आईनं चर्चमधून आणलेली कागदी थाळी. या टोकाला लाकडी टेबल आणि त्यावर वाळूच्या पिशव्या. आवाज अडवायला कानांवर टोपणं आली. आई कॉफीचा थर्मास आणि दुर्बीण घेऊन खुर्चीत बसली. तिचा चेहरा परीक्षकाचा होता, आणि लहानपणी या दोन पुरुषांबरोबर एकाच घरात राहिलेल्या बाईचाही.

पहिली मॅग्नमची पाळी. सिल्वीनं श्वास सोडला आणि चाप दाबला. त्यानंतर तिला आकाश दिसलं.

"लागली का?" तिनं जमिनीवरूनच विचारलं.

"थाळीला नाही," आई म्हणाली. "पण पलीकडच्या तळ्यावरची सगळी बदकं उडून कॅनडात गेली."

"आवाज ऐकलास ना?" डेलमामा अभिमानानं म्हणाला.

"मामा, मला अजून काहीच ऐकू येत नाहीये."

मग ईडा आली. आजोबांनी ती ब्लँकेटमधून अशी काढली, जशी सुईण बाळ काढते. सिल्वीनं नळीच्या टोकावरचा दाणा थाळीच्या मधोमध धरला. एक, दोन, तीन. मॅग्नमनंतर ईडाचा धक्का म्हणजे पाठीवर शाबासकी होती. हात हलला नाही, डोळा मिटला नाही.

आईनं दुर्बीण लावली. "थाळी कोरी आहे. यावर जेवता येईल."

"चाप ओढतेस तू," आजोबा म्हणाले. "दाबायचा असतो."

"दाबलाच."

"मग श्वास चुकला."

सिल्वीनं आईच्या हातातून दुर्बीण घेतली. "आजोबा, पुठ्ठ्याच्या डाव्या कडेला तीन भोकं आहेत. तिन्ही मिळून एका बशीत मावतील. मी नीटच मारल्यात. ईडा डावीकडे मारते."

आजोबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"हो, मारते," ते म्हणाले. "हे सगळ्यांनाच माहीत आहे."

"मला नव्हतं!"

"सांगायचं काय त्यात? ईडा हातात असली की हरणावर नेम धरायचा नाही. हरणाच्या उजवीकडे झाड असतं, त्यावर धरायचा."

"आणि झाड नसलं तर?"

"झाड नसेल तिथे कांगास माणूस शिकारीला बसतच नाही."

"किती उजवीकडे धरायचं?"

"एक वीत," आजोबा म्हणाले.

"दोन वितींपेक्षा जास्त," डेलमामा त्याच वेळी म्हणाला.

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. तीस वर्षं एका कँपमध्ये झोपून, एका सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, घाम काढून हा विषय त्यांच्यात कधी निघाला नव्हता. सिल्वीला कँपची भिंत आठवली. साठ वर्षांची शिंगं तिथे टांगलेली होती, आणि एकजात बारकी. एक जोडी तर आई टोप्या अडकवायला वापरायची.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "ती भिंतीवरची हरणं... तुम्ही नेम त्यांच्यावरच धरला होता ना?"

आजोबांनी बुटानं खडी उकरली. "त्यांच्या शेजारी मोठी उभी असायची," ते म्हणाले. "म्हटलं, बिचारी नशिबानं वाचली."

सिल्वीनं पेन्सिल उचलली, पिशवीवर टेकवली आणि पाच मिनिटांत तीन गोळ्या थाळीत बसवल्या. दोन मधोमध आणि एक काठाजवळ.

"पास," आई म्हणाली. सिल्वीनं उडी मारली. आईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "आता पुढचा उमेदवार. डेल्या, ये."

"मी? माझा काय संबंध?"

आईनं कागद वाचून दाखवला. तिच्या अक्षरात लिहिलं होतं, थाळीत तीन गोळ्या बसल्याशिवाय या घरातलं कोणीही पंधराला जंगलात जाणार नाही. खाली आजोबांची आणि मामाची सही होती.

"आम्हाला वाटलं हे पोरीसाठी आहे!"

"म्हणूनच न वाचता सही केलीत. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या ट्रकची काच कुणी फोडली? ये, बस. काडतूस मी भरून देते, एका वेळी एक."

मॅग्नममधून मामाची पहिली गोळी उतारात घुसली. दुसरी कुठे गेली हे आजही कुणाला माहीत नाही. तिसऱ्या वेळी आईनं रायफल उघडली, बंद केली आणि शांतपणे त्याच्या हातात दिली. मामानं नेम धरला, दोन्ही डोळे गच्च मिटले, तोंड वाकडं केलं आणि चाप ओढला. नुसतं टिक झालं. मामा तरीही खांद्यासकट मागे उडाला आणि खुर्ची घेऊन पडला.

"बाप रे, काय धक्का आहे!" तो खांदा चोळत म्हणाला.

"डेल्या, आत काडतूस नव्हतं."

मामानं यावर विचार केला. "तरी दुखलाच," तो म्हणाला.

आजोबा ईडा घेऊन बसले. आधी एक वीत उजवीकडे धरून मारली, मग दोन, मग दोहोंच्या मध्ये. पहिली डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी थाळीच्या कडेला चाटून गेली.

"एक," आई म्हणाली. आवाज नरम होता, पण आकडा तोच राहिला. "बाबा, कागद म्हणजे कागद."

आजोबांनी ईडा टेबलावर ठेवली. अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी एकही पंधरा तारीख चुकवली नव्हती. पायाला प्लास्टर असताना त्यांना स्लेजवरून ओढत नेलं होतं.

आणि मग सिल्वीच्या ध्यानात आलं. चौदा वर्षांच्या मुलीनं जंगलात एकटं बसायचं नाही, सोबत मोठं माणूस हवं, हा सरकारी नियम. बाबा खनिजाच्या जहाजावर, ते जानेवारीशिवाय घरी येणार नाहीत. आई पेस्ट्यांत. मामा नापास, आजोबा नापास. म्हणजे ती पास होऊनही नापासच होती. तिला सगळं कुटुंब चर्चच्या तळघरात ओळीनं बसून कंद सोलताना दिसलं.

ती ईडाजवळ गेली. रायफल रिकामी असल्याचं बघितलं आणि नळीवरचा दाणा जवळून निरखला. "आजोबा, हा दाणा उजवीकडे सरकलाय. हातोडीनं डावीकडे ठोकला तर सरळ मारेल."

"हात लावू नकोस! तो माझ्या वडलांनी बसवलाय."

"बसवलाय की बसलाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे पणजोबांनी मुद्दाम केलं, की काही झालं होतं?"

आजोबांनी कॉफीचा घोट घेतला. "सॉनाचं दार अडकलं होतं एकदा," ते म्हणाले. "आत पाहुणे होते. बाबांनी हाताला आलं त्यानं दार उचकटलं."

"ईडानं?"

"पाहुणे भाजत होते, पोरी."

"मग आजोबा, ही काही वडलांची आज्ञा नाही. अपघात आहे. आपण साठ वर्षं अपघात पाळतोय." मग तिनं खरं ते सांगून टाकलं. "आणि तुम्ही नाही आलात तर मलाही जाता येणार नाही. प्लीज."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं, थाळीकडे बघितलं, मग ट्रकमधून छोटी हातोडी आणि पितळेचा तुकडा आणला. दाण्याला पितळ लावलं. टक. टक. डेलमामानं टोपी काढून छातीशी धरली.

एक गोळी मारून बघितली, मग अजून अर्धी टक. आईनं नवी थाळी लावली.

आजोबांनी नेम थाळीवर धरला. आयुष्यात पहिल्यांदाच ते ज्याच्याकडे बघत होते त्याच्यावरच गोळी झाडणार होते. एक. दोन. तीन.

आई दुर्बिणीतून बघत राहिली आणि मग दुर्बीण आजोबांच्याच हातात दिली. तिन्ही भोकं मधोमध होती, एकमेकांना चिकटून.

आजोबा आनंदले नाहीत. ते खुर्चीत बसले आणि हुकलेली हरणं बोटांवर मोजू लागले. "एकाहत्तर साली, दलदलीजवळ, बारा टोकी शिंगांचा," ते म्हणाले. "शहात्तर साली दहा टोकी, ओढ्याकाठी. ऐंशीचा तर माझ्याकडे बघून थांबला होता..." यादी शहाण्णवपर्यंत गेली तेव्हा कॉफी संपली. डेलमामाला कंद सोलायची सुरी घरून आणावी लागेल, हे आईनं त्याला तेवढ्यात सांगून टाकलं.

परतताना सिल्वी आजोबांच्या ट्रकमध्ये बसली. गावाच्या वेशीजवळ आजोबांनी अचानक दफनभूमीकडे वळवलं, ट्रक उभा केला आणि बर्फातून चालत एमेली कांगासांच्या दगडापाशी गेले. काचेतून सिल्वीला फक्त पाठ दिसत होती. हात हवेत उडत होते. एकदा त्यांनी दोन्ही हात डोक्यावर शिंगांसारखे धरून वडलांच्या फिनिश भाषेत काहीतरी ओरडून विचारलं. दहा मिनिटांनी ते परत आले आणि दार लावून घेतलं.

"काय म्हणाले पणजोबा?"

"ते काय बोलणार? जिवंतपणीही बोलले नाहीत." त्यांनी गाडी सुरू केली. थोडं अंतर गेल्यावर घसा साफ केला. "पंधराला पहाटे पाचला दारात उभी राहा. लोकरीचे मोजे दोन जोड घाल. उशीर केलास तर थांबणार नाही."

सिल्वीनं मान हलवली. ट्रक गावात शिरला, आणि आजोबा एल्मरच्या दुकानासमोर पेन्सिलचे पैसे देऊन करवत सोडवायला थांबले.