न दाबलेलं बटण

पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून बेकरीवाल्याच्या पायांचे तुकडे पडले होते, तरी संध्याकाळी तो बुद्धिबळाच्या क्लबात आलाच. संघात एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी पाच-पाच मिनिटांचा एक डाव व्हायचा होता. हरलो तर खेळच सोडला, असं तो बायकोला सांगून बसला होता. भट्टी सोडली तर या खेळाशिवाय त्याचं स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं तरी काय?

समोर कोण, तर औषधाच्या दुकानाचे मालक, म्हणजे त्याचे व्याही. मुलगी त्यांच्या घरात दिलेली, त्यामुळे हत्ती मारतानाही मान राखून मारावा लागे.

"व्याही, हा घेतो हं तुमचा हत्ती."

"घ्या की. बसून बसून तोही कंटाळला होता."

व्याही असे बोलत राहिले आणि त्यांची वेळ सरत गेली. त्यांच्याकडे जेमतेम अर्धं मिनिट उरलं, तेव्हा बेकरीवाल्याकडे चांगली दोन मिनिटं होती. त्याने वजीर पुढे सरकवला, पीठ झटकायच्या सवयीने हात मांडीला पुसले, आणि आता व्याह्यांनी करावा विचार, म्हणून डोळे मिटले.

हात पुसायच्या नादात, चाल झाली की आपली वेळ थांबवायला दाबायचं ते घड्याळाचं बटण दाबायचं राहिलं. वेळ त्याचीच चालू होती.

समोरचा बटण विसरला की नुसतं 'घड्याळ' म्हणायचं, अशी क्लबात रीत होती. नियमात नव्हती, पण सगळे पाळत. व्याही मात्र गालाला हात लावून पटाकडे बघत बसले.

कुणीतरी खांदा हलवला तेव्हा त्याला जाग आली. घड्याळात त्याच्या बाजूचं लाल पातं पडलं होतं.

"संपली हो तुमची वेळ," व्याही हळूच म्हणाले.

"मग बोलला नाहीत ते?"

"इतके गाढ झोपला होतात. उठवायचं जिवावर आलं."

माणूस खरं बोलत होता की केसाने गळा कापत होता, कळायला मार्ग नव्हता. राग आला, सणसणून आला. पण मुलीचा सासरा पडला, गिळला. आणि त्याहून वाईट म्हणजे कित्येक महिन्यांत त्याला इतकी छान झोप लागली नव्हती.

"घोरत होतो का?"

"थोडं. पुढच्या वर्षी पुन्हा बसू."

"बसू की," तो म्हणाला आणि मोहरे एकेक करून डब्यात भरू लागला. हा आपला शेवटचा डाव, हे त्याने सांगितलं नाही. व्याह्यांना वाईट वाटलं असतं, आणि त्यांची समजूत घालायला मुलीलाच बसावं लागलं असतं.