बगळ्याची आंघोळ

लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय ती वर चढायची नाही, म्हणून घरात तिचं नाव पडलं मोजणी. पुढे तिला नोकरीही मोजायचीच लागली. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत दर महिन्याला तलावातल्या तीन ठरलेल्या जागांवरून दहा-दहा लिटर पाणी यायचं. ते बारीक जाळीतून गाळायचं, वर राहील ते गाळणकागदावर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातले प्लॅस्टिकचे कण मोजायचे. कंटाळवाणं काम, पण तिला ते मनापासून आवडायचं. मोजून झालं की आकडा एकच उरतो, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही, असं तिला वाटे.

तलावाच्या पश्चिम टोकाला, शहराचं पाणी जिथून उचललं जातं त्या विहिरीपाशी एरवी आठ-दहा कण सापडत. एखादा निळा धागा, एखादी पारदर्शक चकती. त्या महिन्यात एकतीस निघाले आणि त्यातले पंचवीस पांढरे होते. तिने पुन्हा मोजलं. मग कागद उलटा फिरवून दुसऱ्या टोकापासून मोजलं. एकतीसच. पांढऱ्या कणांची एक बाजू गुळगुळीत होती आणि दुसरीवर आटलेल्या डबक्याच्या तळाला पडतात तशा भेगा. उन्हाने भाजलेलं प्लॅस्टिक असं दिसतं, हे तिने वाचलेलं होतं.

यादीत तीनच जागा होत्या. तरी दुसऱ्या दिवशी तिने नावाड्याला गळ घातली आणि विहिरीपासून पूर्वेकडे सरकत दर शंभर मीटरला एकेक कॅन भरून घेतला. आकडे आले ते असे : चव्वेचाळीस, एकोणनव्वद, दोनशे बारा. शेवटचा कॅन जिथे भरला, तिथे नावेच्या वर सावली पडली होती. बगळ्याची.

हा बगळा तिच्या दादाने केलेला. दादाचं गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज. कुठलाही चेपलेला पत्रा त्याच्या हाताखाली मऊ होई. सात वर्षांपूर्वी त्याने तलावाच्या काठावरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली तेव्हा लोक हसले. साबणाच्या बाटल्या, फिनाइलचे कॅन, शाम्पूचे डबे, जे जे पांढरं ते ते त्याने गॅरेजच्या मागे रचलं, धुतलं, कापलं, गरम हवेच्या गनने वाकवलं आणि त्याची पिसं केली. सहा हजार चारशे पिसं, मोजणीनेच मोजलेली. लोखंडी सांगाड्यावर एकेक पीस रिव्हेटने ठोकून दोन मजले उंच बगळा तलावातल्या चौथऱ्यावर उभा राहिला आणि शहराने दादाला डोक्यावर घेतलं. जन्मभर ज्याला लोक ‘ए मिस्त्री’ म्हणून हाक मारायचे, त्याला शाळा व्याख्यानाला बोलावू लागल्या. प्रत्येक व्याख्यानात दादा एक वाक्य हमखास सांगे : ‘माझी बहीण शास्त्रज्ञ आहे. ती म्हणते, प्लॅस्टिकला चारशे वर्षं काही होत नाही.’

म्हणाली होती ती तसं. बगळा उघड्यावर टिकेल का, असं त्याने विचारलं तेव्हा. तेव्हा ती नुकतीच पदवी घेऊन आलेली, आणि पुस्तकातलं उत्तर तोंडावर तयार होतं. प्लॅस्टिक कुजत नाही हे खरंच होतं. पण कुजत नाही म्हणजे मोडत नाही असं नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. साबणाची बाटली कपाटात दोन महिने राहावी म्हणून बनवतात. ती गरम करून वाकवली आणि सहा उन्हाळे उभी केली, की आतल्या लांब साखळ्या तुटत जातात, पृष्ठभाग खडूसारखा होतो, आणि मग वाराही पुरतो. कुजायला चारशे वर्षं लागतील, तोवर तुकड्यांचे तुकडे होत राहतील.

तिने अहवाल लिहून साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सगळ्या गोष्टींवर ‘बघू’ म्हणणारे.

“या जादा जागा कुठून आल्या? यादीत तीनच आहेत,” साहेब म्हणाले.

“मी घेतल्या, सर. कण कुठून येतायत ते कळायला.”

“आणि कुठून येतायत?”

“बगळ्यातून.”

साहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, तो बगळा जनजागृतीचा आहे.”

“हो सर. पण तो झडतोय.”

“बाकी सगळं शहर कचरा टाकतं त्याचं काही नाही, आणि तुम्हाला सापडला तो बगळा! तोही सख्ख्या भावाचा. घरी भांडण वगैरे झालंय का?”

“नाही सर. आता होईल.”

साहेब हसले. “पाणी गाळून जातं की पुढे.”

“मोठे कण वाळूत अडकतात. बारीक अडकतात की नाही ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही.”

“मग नाही ते कशाला मोजता? बरं, ठेवा. उद्यान खात्याकडे पाठवतो. बगळा त्यांच्या नोंदवहीत आहे. बघू.”

दादाला सांगणं त्याहून अवघड होतं. ती गॅरेजात गेली तेव्हा तो एका दाराच्या पत्र्याखाली लाकडी ठोकळा धरून हलक्या हाताने ठोकत होता. तिने सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ठोकणं थांबलं नाही, फक्त चाल बदलली.

“तूच म्हणाली होतीस ना, चारशे वर्षं?”

“चुकले मी, दादा.”

“सहा वर्षं मी शाळाशाळांतून सांगत फिरलो. माझी बहीण म्हणते, माझी बहीण म्हणते. तेव्हा नाही आठवलं?”

“तेव्हा मलाही माहीत नव्हतं.”

“मग आता तरी माहीत आहे कशावरून?”

याला तिच्याकडे एकच उत्तर होतं, दोनशे बारा. ते ती आधीच देऊन बसली होती. दादाने पाठ फिरवली आणि पत्र्यावर असा घाव घातला, की निघत आलेला पोचा पुन्हा पडला. तिच्या आठवणीत त्याच्या हातून असं पहिल्यांदाच झालं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दादा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला, हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडीत एक पीस होतं, म्हणजे पिसाचे अकरा तुकडे.

“मानेजवळचं आहे. रिव्हेट काढायला गेलो, तर बोट लागलं तिथूनच चुरलं. आणि हे बघ.” त्याने तळहात पुढे केला. रेषारेषांत पांढरी पूड बसली होती. “नुसता हात फिरवला गं. थोपटावं तसा.”

तिने त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. गॅरेजवाल्याला बारीक पाहायची सवय असते. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “चिरा पार आरपार गेल्यात. हा पत्रा असता तर मी म्हणालो असतो, भंगारात टाका.”

“मग?”

“मग काय? बांधला मी, उतरवीनही मीच. पाणी माझी पोरंपण पितात.”

उतरवायचं कसं, हाही प्रश्नच होता. धक्का लागला की पूड, वारा आला की पूड. प्लॅस्टिकची ताडपत्री लावायची तर कसंतरीच वाटत होतं. शेवटी वहिनीने तोडगा काढला. सुती चादरी जोडून मोठा बुरखा शिवायचा, तो बगळ्यावर चढवायचा आणि आत शिरून, चादर ओली ठेवून, वरून खाली एकेक पीस काढायचं. वहिनीने नातेवाइकांत हाक दिली. बावीस जुन्या चादरी जमल्या.

“लग्नात मला तीन साड्या घेतल्या यांनी,” मशीन चालवता चालवता वहिनी म्हणाली, “आणि या पाखराला बावीस चादरी.”

“तू झडत नाहीस ना,” दादा म्हणाला.

“केस बघा माझे, मग बोला.”

तिघं हसली. त्या आठवड्यात मोजणीला पहिल्यांदाच वाटलं, जमेल. पावसाळी वारे सुरू व्हायला अजून वीस दिवस होते. परवानगीचा अर्ज तिने स्वतः टंकला, दादाने सही केली आणि उद्यान खात्यात नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने पोच दिली आणि सांगितलं, “फाइल वर आहे.” तिसऱ्या दिवशी, “फाइल वरच आहे.” आठव्या दिवशी, “फाइल खाली आली होती, पण सही राहिली म्हणून परत वर गेली.”

उत्तर आलं ते दादाच्या नव्हे, साहेबांच्या टेबलावर. गुरुवारी सकाळी दहा वाजता साहेबांनी तिला बोलावलं. चेहरा प्रसन्न होता.

“घ्या मॅडम. तुमच्या अहवालाची दखल घेतली गेली. आमच्या काळात हे भाग्य कुणाला मिळत नसे.”

तिने कागद वाचला. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार शिल्पाचा पृष्ठभाग खराब झाल्याचे निदर्शनास आले असून, पर्यावरण सप्ताहानिमित्त शिल्पाची उच्च दाबाच्या पाण्याने संपूर्ण स्वच्छता करून त्यावर चमकदार संरक्षक लेप देण्यात येत आहे. खाली तारीख होती. गुरुवारची. वेळ सकाळी नऊ.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “सर, याने तर सगळं सुटून पाण्यात जाईल! थांबवा, फोन करा!”

“उद्यान खात्याला मी कसा फोन करू? तो त्यांचा विषय आहे.” साहेबांनी खरोखरच काखा वर केल्या. “आणि हो, पुढच्या महिन्यापासून नमुने तीनच जागांचे घ्या. यादीप्रमाणे.”

तिने दादाला फोन लावला आणि पळत सुटली. प्रयोगशाळा ते तलाव सातशे पावलं, पण त्या दिवशी तिने मोजली नाहीत.

दादा तिच्याआधी पोचला होता, गॅरेजच्या काळ्या हातांनिशी. तराफ्यावर पंप धडधडत होता आणि पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस लांब नळीने बगळ्याची मान धूत होता. गाड्या धुवायचा तोच जेट. दादाच्या गॅरेजात तसाच होता. हात चुकला तर चांगल्या गाडीचा रंग सोलून काढतो. बगळ्याच्या अंगावरून पांढरं पाणी ओघळत होतं. पाठीवरची पिसं फडफडत, तुटत, उडत होती. चौथऱ्याभोवती दुधासारखा ढग पसरत होता आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकत होता, विहिरीच्या बाजूला.

“बंद कर! बंद कर ते!” दादा गुडघाभर पाण्यात शिरून ओरडत होता.

“काका, मागं व्हा, भिजाल!” रेनकोटवाला ओरडला.

“अरे, मी बांधलाय तो!”

“मग खूश व्हा ना! किती घाण निघतेय बघा!”

तरी त्या माणसाने भलेपणाने पंप बंद केला आणि वरिष्ठांना फोन लावला. मग फोनमधून काहीतरी सांगितलं गेलं, त्याने दादाकडे पाहून खांदे उडवले आणि पंप पुन्हा सुरू झाला. दादा आणखी पुढे जायला निघाला. मोजणीने त्याचा दंड धरला. तिला ठाऊक होतं, मान आणि पाठ झालीच होती. आता थांबूनही उघडलेल्या चिरांतून पूड गळत राहणार होती. तिने दंड घट्ट धरून ठेवला.

साडेअकराला धुणं संपलं. आणि मग जे झालं, त्याची कल्पना दोघांनाही नव्हती. वरचा खडूचा थर गेल्यावर आतलं प्लॅस्टिक उघडं पडलं, आणि बगळा उन्हात असा झळाळला, की काठावरच्या गर्दीतून “अरे वा!” निघालं. “नवाच झाला की!” कुणीतरी म्हणालं. लोक फोन वर धरून फोटो काढू लागले. तेवढ्यात शाळेची एक बस आली, मुलं रांगेने उतरली आणि पाठोपाठ उद्यान अधिकारी पर्यावरण सप्ताहासाठी काठावर घातलेल्या मांडवात आले. त्यांनी दादाला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

“या, या! कलावंत स्वतः हजर! भिजलेत बघा कसे, काम करता करता. याला म्हणतात निष्ठा.” आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी माइक दादाच्या हातात दिला.

मोजणीला वाटलं, तो आता माइक टाकून निघून जाईल. पण दादा उभा राहिला. पँटमधून पाणी निथळत होतं. आजवरच्या व्याख्यानांत तो नेहमी हसत सुरुवात करायचा. या वेळी तो हसला नाही.

“हा बगळा झडतोय,” तो म्हणाला. “आत्ता जे धुतलं ना, ती घाण नव्हती. तो बगळाच होता. तो तुमच्या पाण्यात गेलाय. संध्याकाळी तुमच्या नळाला येईल. मी चुकलो. हा बगळा काढून टाका.”

मग अधिकाऱ्यांनी टाळी वाजवली. त्यांच्यामागून गर्दीने. टाळ्या वाजतच राहिल्या. एका बाईंनी डोळे पुसले.

“काय बोललेत!” अधिकारी भारावून म्हणाले. “बगळाच बोलतोय असं वाटलं. आपण पाण्यात काय टाकतो, हे याहून नेमकं कुणी सांगेल का?”

“अहो, मी खरंच सांगतोय!” दादा ओरडला. “खरंच! हिला विचारा, माझी बहीण आहे ती, ती मोजते!” त्याने बोट दाखवलं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

“दोनशे बारा,” मोजणी म्हणाली. तिचा आवाज माइकशिवाय पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, “दहा लिटरमध्ये दोनशे बारा! आजच्या आधी!” यावर परत टाळ्या पडल्या, तिच्यासाठी.

गर्दी पांगू लागली. रेनकोटवाला लेपाचे डबे उघडत होता. मुलांच्या बाई पुढे आल्या, साध्या, प्रामाणिक चेहऱ्याच्या. त्यांच्यामागे मुलांनी वह्या काढल्या होत्या.

“सर, फार छान होतं,” बाई म्हणाल्या. “मुलांना निबंधात घालायचंय. जरा सावकाश सांगाल का परत?”

दादाने मोजणीकडे पाहिलं. मग तो बाकावर बसला, ओले हात मांडीवर ठेवले, आणि मुलांच्या पेन्सिली थांबतील तसा थांबत, एकेक शब्द सांगू लागला.

“हा. बगळा. झडतोय. लिहिलंत?”

“हो सर,” मुलं एका सुरात म्हणाली.

“तो. तुमच्या. पाण्यात. गेलाय.”