बारा ग्लासांवरचं नाव

नणंदेच्या मुलाचं, नंदकिशोरचं, लग्न ठरलं आणि मुलुंडच्या विमलाबाईंच्या घरी सरबताचे बारा ग्लास येऊन पडले. त्यांच्यावर नवरीमुलीचं नवं नाव हवं होतं: मृणालिनी.

"वहिनी, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही," असं म्हणून नलिनीवन्सं निघून गेल्या होत्या.

काम किचकट. ग्लासावर चिकटकागद लावायचा, ब्लेडने अक्षरं कापून काढायची, मग अमेरिकेतल्या भाचीने पाठवलेलं काच खाणारं मलम हातमोजे घालून त्यावर थापायचं. थोड्या वेळाने धुतलं की काच तेवढ्या जागी कायमची पांढुरकी होते. आठ ग्लास होईतो विमलाबाईंची मान अवघडली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या संध्याकाळी नवरीमुलगी क्षमा ऑफिसातून परस्पर आली. तिने एक ग्लास उचलून उजेडात धरला.

"मामी, मी नाव नाही बदलणार. नंदूला माहितीये. आईला सांगायला घाबरतो तो."

विमलाबाई खुर्चीत मागे टेकल्या. "आधी नाही का सांगायचंस गं? काचेवरचं पुसलं नाही जात."

"तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

"सुलक्षणा. आता कुणी हाक मारली तर मी वळूनसुद्धा बघणार नाही."

क्षमाने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. दोघींनी तो घेतला.

ती गेल्यावर विमलाबाईंनी चिकटकागदाचा नवा तुकडा घेतला आणि उरलेल्या चार ग्लासांवर 'क्षमा' काढलं. 'क्ष' कापताना दोनदा ब्लेड घसरलं.

वन्सं ग्लास न्यायला आल्या. "हे काय? चारांवर भलतंच नाव!"

"मला नका विचारू. नंदूला विचारा."

दोन दिवस त्या घरात आदळआपट झाली म्हणे. पण शेवटी नंदूला तोंड उघडावं लागलं, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर त्याने अंगठीने 'क्षमा' असंच लिहिलं.

वन्सं विमलाबाईंशी तीन महिने बोलल्या नाहीत. शरच्चंद्रांना, म्हणजे विमलाबाईंच्या यजमानांना, बहिणीच्या रागाचं फार वाईट वाटलं. "जाऊन समजूत काढ ना तिची," ते म्हणायचे.

"काढीन," विमलाबाई म्हणायच्या, आणि दुपारी कडी लावून निवांत आडव्या व्हायच्या.