रंगुबाई गप्प बसली तो दिवस

माळढोकानं सात दिवसांत माझा जेवढा छळ केला, तेवढा माझ्या वर्गातल्या चाळीस कार्ट्यांना वर्षभरात जमला नव्हता. कार्ट्यांना निदान छडी दाखवता येते.

सन एकाहत्तरचा भाद्रपद. मी नगरला एका शाळेत चित्रकला शिकवायचो. पुण्याच्या एका पक्षिमित्र मंडळानं मला चावीवर चालणारा सिनेकॅमेरा आणि तीन रिळं दिली होती, तीही सोमवारी परत आणून द्यायच्या बोलीवर. कर्जतकडचा हा माळ पडीक ठरवून तिथं झाडं लावायचं वनखात्यात घाटत होतं. माळढोकाला झाडी नको, मोकळं गवत लागतं. हे मी तीन अर्जांत लिहून पाठवलं, एकाचंही उत्तर आलं नाही. नर नाचताना पडद्यावर दिसला, तर साहेबलोक निदान पावणेतीन मिनिटं खुर्चीत बसतील असं मला वाटत होतं. एका रिळात तेवढंच मावतं.

रजा टाकून निघालो तेव्हा माझी बायको हन्ना म्हणाली, "पाखराला बघायला तुम्ही माळावर, मग घरातल्यांना बघायला कोण?" तिचं खरंच होतं.

बाभळीच्या फांद्या रचून, वर घोंगडी टाकून मी आडोसा केला. पहिल्या रिळात मेंढरं आली. दुसऱ्यात माळढोक आला, पण पाठ फिरवून उभा राहिला आणि तसाच निघून गेला. उरलं एक.

आडोशाला लागूनच रंगुबाईची बाजरी होती. साठीची बाई, उजाडल्यापासून मचाणावर. चिमण्यांचा थवा उतरला की तिची आरोळी उठायची, "हाऽऽ हुर्रऽऽ", पाठोपाठ गोफणीचा फटका, मग पत्र्याच्या डब्याचा खडखडाट. माझ्या कानाचे पडदे फाटायचे. माळढोक गवतातून चार पावलं पुढं यायचा, ही ओरडायची, तो थांबायचा. मला दुसरं कारण शोधायची गरजच वाटली नाही. रोज मनातल्या मनात मी त्या बाईला शिव्या घालत होतो.

शनिवारी सकाळी मी मचाणाखाली जाऊन हात जोडले.

"मावशी, आजचा एक दिवस ओरडू नका."

"आन् चिमण्या?"

"एकच दिवस."

"मास्तर, बाजरी दुधात हाय, दाणा अजून कवळा. लई नास करत्याल त्या."

"माळढोक नाचला आणि मला टिपता आला, तरच हा माळ वाचेल."

तिनं बाजरीकडं पाहिलं, मग गवताकडं. "हूम जायाला नको," ती म्हणाली. माळढोकाला तिकडं हूम म्हणतात. "माझ्या सासऱ्याच्या येळंपासनं हाय त्यो. बरं, गप बसते." आणि तिनं गोफण कमरेला गुंडाळली.

ती खरोखरच गप्प बसली. चिमण्या आल्या, आणखी आल्या. कणसं वाकायला लागली. म्हातारी मांडीवर हात ठेवून नुसती बघत होती. दोनदा तिचा हात कमरेकडं गेला आणि परत आला. मला लाज वाटली, पण मी डोळा कॅमेऱ्यालाच लावून ठेवला.

माळढोक आला नाही. दूर, पार ओढ्याच्या अंगाला, मान ताठ करून उभा राहिला. सकाळ गेली, दुपार गेली. चारच्या सुमाराला तो उडाला आणि माझं डोकं फिरलं. मी बटण दाबून धरलं. चावी उतरली की परत द्यायची, परत दाबायचं. तो आभाळात ठिपका झाला तरी मी थांबलो नाही. भानावर आलो तेव्हा रीळ संपलं होतं. ठिपक्याचा सिनेमा काढणारा मी पहिलाच असेन.

रविवारी सकाळी आडोसा मोडून फाट्याकडं निघालो. रंगुबाई मचाणावर होती आणि जीव तोडून ओरडत होती. आदल्या दिवशीचं सगळं उट्टं काढत असावी. मी निरोप घ्यायला वळलो आणि थबकलो.

मचाणापासून तीस पावलांवर माळढोक नाचत होता. शेपूट पाठीवर उलटलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून गुडघ्यापर्यंत लोंबलेली. घुमत होता, "हुंऽऽम". वर रंगुबाई डबा बडवत होती, खाली तो खुशाल घुमत होता.

"घ्या की आता," ती वरून म्हणाली.

"फिल्म संपली, मावशी. काल तो उडाला, त्याच्या मागं सगळी घातली."

तिनं डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, "काल त्यो कसा यील? त्याला माराया जीपवाले, बंदूकवाले येत्यात ना, ते बी आदी मला गप बसाया सांगत्यात. माझी हाळी हाय तवर त्याला भ्या न्हाई; रोज अडायचा त्यो तुमच्या घोंगडीला बुजून."

मी कॅमेरा खाली ठेवला. "हे काल का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कुटं? शाळंतलं मास्तर तुमी. मला वाटलं, तुमाला म्हाईत असंल."

तिच्या हातात एक कणीस होतं. तिनं ते तळहातावर चोळलं, फुंकर मारली. सगळा भुसा उडून गेला आणि दोन दाणे राहिले. ते तिनं तोंडात टाकले.

"मग मला काल कशापायी गप बसवलं, मास्तर?"

तिनं गोफणीत खडा घातला आणि पुन्हा आरोळी ठोकली. माळढोक नाचतच राहिला.