सासूबाईंना ऐकू येईपर्यंत

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे ‘नगारा’ म्हणायचे. आवाजच तसा होता, भरदार आणि खर्जातला. माईक बंद पडला तरी शेवटच्या बाकावर पेंगणारा प्रवासी दचकून उठायचा. घरी सासूबाईंचे कान अधू. मुलाचं बोलणं त्यांना धड कळायचं नाही, सुनेचा मात्र शब्दन् शब्द कळायचा.

पण सुनेचं वजन होतं एकशे अठ्ठावीस किलो. एक जिना चढला की धाप लागायची. डॉक्टरांनी जठर लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं, तेव्हा नवऱ्याने पाय मागे घेतला. सुनेने ते सांगताच सासूबाई मुलावर कडाडल्या, “तिचा जीव तिला जड झालाय, तू कशाला नाक खुपसतोस?” ऑपरेशन झालं, आणि पुढे महिनाभर त्यांनीच तिला चमच्याचमच्याने पातळ पेज भरवली.

आठ महिन्यांत सत्तेचाळीस किलो उतरले. धाप गेली, गुडघे हलके झाले. पण आवाजही उतरला. बारीक, चढा, दोन घोषणांत दमणारा. स्थानकाचा कंट्रोलर हसून म्हणाला, “नगाऱ्याची टिमकी झाली की!” तीही हसली. घरी मात्र सासूबाई म्हणाल्या, “अगं, नुसते ओठ काय हलवतेस?” ज्यांच्यामुळे नवा जन्म मिळाला, त्यांच्याशीच बोलता येईना!

आवाजाच्या डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं. “स्वरतंतू ठणठणीत आहेत. अंग झपाट्याने उतरलं, ताकदही थोडी गेली, आणि तुम्ही नुसता घसा ताणताय. जोर श्वासातून आणा. पोटभर खाता येत नाही, तर निदान प्रथिनं चुकवू नका.” पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढत गुणगुणायचा व्यायाम त्यांनी दिला.

सासूबाईंनी शिकवणीच लावली. रोज सकाळी त्या स्वयंपाकघरात सुनेकडे पाठ करून बसत. “ओठ बघायचे नाहीत. ऐकू आलं की हात वर करीन.” तीन आठवडे हात खालीच. एकदा वर गेला.

“काय म्हणाले मी?” तिने पुढे येऊन विचारलं.

“कुणास ठाऊक! रोज दमतेस, म्हटलं आज पास करावं.”

दोघी पोट धरून हसल्या.

चौथ्या महिन्यात एके दिवशी तिने सहज विचारलं, “आई, चहा टाकू?”

पाठमोऱ्या सासूबाई म्हणाल्या, “टाक, आणि माझ्यात साखर चोरू नकोस.”

आवाज पूर्वीचा नव्हता, थोडा पातळच राहिला. पण आता लांबच्या गाडीचे बावीस थांबे ती एका दमात सांगत असे. त्या सकाळी तिने सासूबाईंचा हात धरला. “आई, तुम्ही होतात म्हणून मी उभी आहे.”

“काय?” सासूबाईंनी कानामागे हात धरला. “परत सांग.”

तिने परत सांगितलं.

“अजून एकदा.”

डोळे पुसत ती तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा सासूबाईंना हसू आवरेना. त्यांना पहिल्या वेळीच सगळं ऐकू आलं होतं.